दुसऱ्या गोलकीपरच्या नावाची मूठ

माझी मुलगी हॉकी खेळायला हॉलंडला चालली आहे ही बातमी सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत पसरायला एक सकाळ पुरली. ती का चालली आहे याची कारणं गल्लीने दुपारपर्यंत तयार करून ठेवली. समोरच्या नूतनबाई म्हणाल्या, पैसा, दुसरं काय. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, गोरा नवरा हेरून ठेवला असेल. वरच्या मजल्यावरचे एक काका आहेत, ते आयुष्यात वापीच्या पुढे गेलेले नाहीत. ते म्हणाले, आपल्या देशात खेळाडूंची कदर नाही. हॉकीची काठी कुठल्या बाजूने धरतात हे त्यांना माहीत नसावं, पण कदर मात्र ते फार करतात. दर चार वर्षांनी, टीव्हीसमोर पाय पसरून.

मला कुणी विचारलं नाही. मी दिवसभर साड्यांवर खडे चिकटवते. माझी मान खाली असते, म्हणून लोकांना वाटतं माझे कानही बंद असतात.

खरं कारण मी सांगते. ते इतकं साधं आहे की कुणाच्या गळी उतरत नाही. आमची धनश्री गोलकीपर आहे, आणि ती दुसरी गोलकीपर आहे. संघात गोलकीपर दोन असतात. एक उभी राहते, एक बसते. बाकीच्या मुली आळीपाळीने आत-बाहेर करतात, त्यांच्या वाट्याला थोडा तरी चेंडू येतो. दुसऱ्या गोलकीपरने पायाला गादीएवढे पॅड बांधायचे, छातीला चिलखत लावायचं, हेल्मेट मांडीवर घ्यायचं आणि पहिलीला काही होतंय का याची वाट पाहत बाकावर उकडत बसायचं. पहिली गोलकीपर प्रियांका नावाची मुलगी आहे. खेळते छान, स्वभावाने गोड, आणि तब्येतीने अशी ठणठणीत की तिला साधी शिंकसुद्धा येत नाही. मी एकदा देवीपुढे हात जोडून हळूच म्हटलं होतं, त्या प्रियांकाला मोठं काही नको, नुसता थोडा ताप. देवीने ऐकलं नाही. देवीला बहुधा प्रियांकाच्या आईनेही काही सांगितलेलं असणार.

धनश्रीला खेळामुळेच एका सरकारी खात्यात नोकरी लागली. सकाळी मैदानावर जायचं, दुपारी टेबलावर जायचं. म्हणजे सकाळी बाकावर बसायचं आणि दुपारी खुर्चीवर. लागली तेव्हा आम्ही पेढे वाटले. दोनतीन वर्षांनी ती एकदा घरी आली, पिशवीतून पॅड काढून पाहत बसली आणि म्हणाली, "मम्मी, हे नवेच्या नवे राहिलेत गं." तेव्हापासून मला त्या पेढ्यांची लाज वाटते.

मग हॉलंडचं आलं. तिकडच्या एका लहानशा गावात एक क्लब आहे. त्यांची गोलकीपर बाळंत होणार होती. त्या बाईला मी ओळखत नाही, पण मी तिच्या नावाने नारळ फोडला. धनश्रीच्या जुन्या प्रशिक्षकांनी तिच्या सरावाचे व्हिडिओ पाठवले, आणि क्लबने कळवलं, ये. राहायला खोली, फिरायला सायकल, संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवायचं, आणि हातात जे पडेल ते इथल्या पगाराहून कमीच. नूतनबाईंना हे सांगितलं तर त्या हसतील, म्हणून मी सांगितलंच नाही.

"दर रविवारी मॅच असते, मम्मी," धनश्री मला म्हणाली. "आणि मीच उभी राहणार. मीच."

तिने 'मीच' दोनदा म्हटलं, आणि मला सगळं कळलं. तिचं मंगळवारी रात्री मुंबईहून विमान होतं, म्हणजे मंगळवारी सकाळी उधन्याहून गाडी पकडायची. गुरुवारी मैदानावर हजर नसेल तर अर्जेंटिनाची एक मुलगी तयारच बसलेली होती. दुसरी गोलकीपर कुठेही असतेच.

आता अडचण सांगते. त्याच्या आधीच्या रविवारी कानबाई होती.

आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसते. माणूस कुठेही पोटामागे गेलेला असो, कानबाईला कुळातले सगळे एका घरात येतात. आमच्या कुळातले अर्धे आता सुरतेत असल्यामुळे देवी आमच्याकडेच बसते. गावाकडे राहिलेत ते आमचे मोठे भाऊजी, सुकलाल. ते देवीचा नारळ मांडीवर घेऊन रेल्वेने येतात आणि गाडीतून उतरल्यापासून विसर्जनापर्यंत आमच्या घराचे मालक असतात. मोठं अंग, मोठा आवाज, आणि फावड्याएवढा पंजा. मी त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि होता होईल तो बोलत नाही. त्यामुळे मी फार मर्यादेची सून आहे असा त्यांचा समज आहे.

यंदा ते आले, पाणी प्यायले, आणि धनश्रीला समोर बसवून घेतलं.

"पक्की नोकरी सोडीसन परदेशमा काय झाडू माराले जाई राहिनी का?"

"खेळायला जातेय, आबा."

"खेळानंच शे तर आठे खेळ ना."

"आठे बसाडतस, आबा," धनश्री म्हणाली.

भाऊजींना हे समजलं नाही. पगार मिळतो, आणि वर बसायलाही मिळतं, मग माणसाला आणखी काय हवं? त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. आमचे हे, म्हणजे मगन, उधन्यात कापडाच्या कारखान्यात लूम चालवतात. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना बोलण्यावर फार भरवसा राहिलेला नाही. हे भिंतीकडे पाहत राहिले. घरात वाघ एकच असायचा, तो गावाहून आलेला.

भाऊजी 'जाऊ नको' असं एकदाही म्हणाले नाहीत. ते तसले नाहीत. ते म्हणाले, "जाय बापा. पन आपला कुळना नेम शे. रोट सरतस नही तवलोंग कोनी गाव सोडानं नही."

हा नेम खरा आहे. कानबाईचे रोट म्हणजे गहू आणि चण्याच्या डाळीच्या जाड जाड भाकरी. त्यासाठी धान्य घेताना कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ सुपात टाकायची. ज्याचं नाव घेतलं तो मोजला गेला. ते रोट फक्त कुळातल्यांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाहुण्याला द्यायचे नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही द्यायचे नाहीत. आणि आमच्या कुळात आणखी एक शेपूट आहे, की ते संपेपर्यंत मोजलेल्या माणसाने गाव सोडायचं नाही. एरवी हे काही जड जात नाही. आम्ही बेताचे करतो, सोमवारी दुपारपर्यंत खाऊन मोकळे होतो आणि माणसं रात्रपाळीला जातात.

यंदा मुठी घ्यायला भाऊजी स्वतः बसले.

सूप माझ्या हातात होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. आधी स्वतःचं नाव, मग मुलांचं, मग ह्यांचं. इथपर्यंत ठीक. मग चुलत भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. मग लिंबायतमधला परवाच जन्मलेला एक नातू, ज्याला अजून नावच ठेवलेलं नाही. "नाव नही तर काय झाय, पोट शे ना," भाऊजी म्हणाले आणि पंजाच्या फावड्याने गहू उचलला. मग गेली कित्येक वर्षं पुण्याकडे निघून गेलेला एक आनंदा, जिवंत आहे की नाही कुणाला ठाऊक नाही. त्याचीही सव्वा मूठ. आणि शेवटी पंडित.

पंडितचं नाव ऐकून मी मान वर केली. पंडित म्हणजे ह्यांचा सख्खा चुलत भाऊ, इथून जवळच कडोदऱ्याला असतो. गावाकडे शेताच्या बांधावरून भाऊजींशी त्याचं असं वाजलं होतं की तेव्हापासून त्याला कानबाईचं बोलावणं नाही, आणि त्याच्या घरात आमचं नाव नाही. गेल्या वर्षापर्यंत भाऊजी त्याचं नाव घेतल्यावर थुंकत असत.

"माणूस वाईट शे," भाऊजी मला म्हणाले, "पन कुळना शे." आणि दोन्ही पंजे भरून गहू टाकला.

देवीची भक्ती एवढी एकाएकी वाढलेली पाहून मला गहिवरून यायला हवं होतं. मी सूप उचलून घरघंटीकडे गेले आणि स्वतःशीच चार शिव्या दिल्या. श्रावणात द्यायच्या नसतात, पण दिल्या.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, डोळे काढले, साडी नेसवली, आणि आमच्या दीड खोलीत एवढी माणसं मावली की भिंतींना घाम फुटला. गल्लीला खीर-पुरणपोळी दिली, गाणी झाली, बायका नाचल्या. मीही नाचले. सोमवारी सकाळी मिरवत नेऊन देवीला तापीवर निरोप दिला. घरी आलो तर चुलीशेजारच्या कोपऱ्यात रोटांची चळत माझ्या कमरेला लागत होती.

भाऊजींनी चळतीकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सावकाश खावा. घाई कसानी शे?"

धनश्रीची बॅग दाराशी भरून उभी होती. काठ्या वेगळ्या बांधलेल्या होत्या, आणि ते नवेच्या नवे पॅड वेगळ्या पोत्यात. ती काही रडणाऱ्यातली नाही. गोलकीपर चेंडू येताना डोळे मिटत नाहीत. ती भाऊजींच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आबा, एक विचारू? मूठ कुणाच्या नावाची घेतात?"

"पुरुषेसनी."

"माझ्या नावाची घेतली?"

"आंडेरनी कसाले? आंडेर जानारीच ऱ्हास." आंडेर म्हणजे लेक.

"मग मी मोजलेली नाही," धनश्री म्हणाली. "मोजलेल्याने जायचं नाही, असा नेम आहे ना? मला नेमच लागत नाही. मी उद्या सकाळी जाते."

भाऊजींच्या तोंडातला घास तसाच राहिला. मी पदर तोंडात धरला, कारण मला हसू फुटत होतं. एवढ्या पिढ्या आमच्या मुलींना मोजलं नाही, त्याचा असा उपयोग होईल हे कुणाच्या स्वप्नात नसेल. माझंच बघा ना. माहेरी माझ्या नावाची मूठ नव्हती, कारण मी जाणारी. सासरी नाही, कारण मी आलेली. मी गाव, आई, बोली, सगळं सोडून या शहरात आले, तेव्हा ही का चालली असं एका माणसानेही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यात कदर करण्यासारखं काही दिसलं नसतं.

मी मनातल्या मनात गाडीचे डबे मोजायला लागले होते, तेवढ्यात आमचे हे खाकरले.

"मी टाकेल शे," हे म्हणाले.

"काय टाकेल शे?" भाऊजी म्हणाले.

"तिना नावनी मूठ."

सगळे ह्यांच्याकडे पाहायला लागले. हे पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"कव्हयपासून?"

"ती पहिल्यांदा काठी लई उनी, तव्हयपासून. दरसाल टाकस. घरघंटीपाशी, कोनी देखत नही तव्हय."

मला आठवलं. दरवर्षी दळणाच्या वेळी हे हातपाय धुऊन घरघंटीशी यायचे, डब्यातून एक मूठ काढायचे आणि म्हणायचे, एक राहिली होती. मला वाटायचं, देवीची. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते स्पष्टच सांगते. आधी डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच त्या माणसाला लाटणं फेकून मारावंसं वाटलं. इतकी वर्षं पोरीवरचं प्रेम तोंडातून बाहेर काढलं नाही, आणि काढलं ते नेमक्या या दिवशी. पोरीने दार उघडलं होतं, बापाने मायेने पुन्हा लावून घेतलं.

भाऊजी मात्र अडकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मूठ खरी मानली तर पोरगी कुळात मोजली गेली, म्हणजे उद्या सगळ्यांच्याच पोरी मागायला येणार. मूठ खोटी मानली तर ती मोकळी, आणि सकाळी गाडीत. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी पोरीला थांबवायची खुमखुमी मोठी ठरली.

"टाकी शे ना? मंग मोजाई गई," ते म्हणाले. "आते तिनी बी गाव सोडानं नही."

मी आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींशी सरळ बोलले. पदर होता डोक्यावर, पण आवाजावर नव्हता.

"भाऊजी, हाईच एक डाव सगळासमोर म्हनी टाका. धनश्री मोजाई गई."

"मोजाई गई म्हनस ना," भाऊजी चिडून म्हणाले. बाहेरच्या खोलीतल्या बायकांनीही ऐकलं. एकीने तर लगेच आपल्या तिसरीतल्या पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

धनश्री बापाकडे पाहत उभी होती. रागावली असेल असं मला वाटलं. ती खाली बसली, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पप्पा, आधी सांगायचं ना." मग उठली आणि मला विचारलं, "मम्मी, आबांनी कुणाकुणाची नावं घेतली, आठवतात?"

मला न आठवायला काय झालं. त्या नावांचंच तर ओझं सुपात धरून उभी होते.

"मी मोजलेली आहे, तर मलापण कुळाला बोलवायचा हक्क आहे," असं म्हणून ती फोन घेऊन दारात बसली. लिंबायतला लावला, उधन्याला लावला. प्रत्येकाला एकच सांगितलं: आबांनी तुमच्या नावाची मूठ घेतली आहे, रोट वाट पाहतायत, पाळी सुटली की सरळ इकडे या. बिननावाच्या नातवाच्या आईलाही लावला. त्याला दात नव्हते, पण त्याच्या बापाला होते. पुण्याच्या आनंदाचा पत्ता नव्हता, त्याचा वाटा मी स्वतः उचलायचं ठरवलं.

सगळ्यात शेवटी कडोदऱ्याला. भाऊजी जागेवरून अर्धे उठले. "त्याले नको," म्हणाले.

"आबा, त्यांची मूठ तुम्हीच घेतली."

भाऊजी पुन्हा बसले. धनश्रीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिने पंडितकाकांना मुठीचं सांगितलं. पलीकडे लूमचा खडखडाट येत होता. मग दार लावल्यासारखा तो कमी झाला.

"सुकलालनी घिदी? सोता?" पंडित म्हणाले.

"सोता. दोन्ही हातांनी."

"येस मी," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी पाळी बदलली आणि माणसं यायला लागली. डोक्याला, भुवयांना सुताचा भुसा लागलेला, काहींनी येता येता नळावर तोंड धुतलेलं. दारात चपलांचा असा ढीग झाला की नूतनबाई विचारायला आल्या, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, जायचंय. माणसं पंगतीला बसली आणि खायला लागली. लूमवर उभ्याने दिवस काढलेल्या माणसाची भूक भाऊजींना ठाऊक नव्हती. गावाकडे ते ओट्यावर बसून असतात.

पंडित आले ते टेम्पो करून. बायको, दोन मुलं, सुना, नातवंडं. दारात येऊन थबकले. इतक्या वर्षांनी त्या माणसाला पाहिलं, केस पांढरे झाले होते. कुणी 'या' म्हणेना. घरातली सगळी माणसं भाऊजींकडे पाहत होती. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं, कुठे पळायला जागा नव्हती. वाढायचं काम त्यांनीच घेतलेलं होतं. त्यांनी ताटात रोट ठेवला, गूळ ठेवला, तुपाची धार धरली आणि ताट पंडितसमोर सरकवलं.

पंडित बसले. एक रोट संपवला, दुसरा संपवला. भाऊजी तिसरा घेऊन उभे होते.

"आजून एक ली ले," भाऊजी म्हणाले.

"लेस ना," पंडित म्हणाले, "मन्हा नावना शे." आणि जेवता जेवता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. भाऊजींनी तुपाची धार जरा जास्तच धरली, ती ताटाबाहेर गेली, आणि मला मागाहून फरशी पुसावी लागली. बांधाचं काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या लेखी त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांनी एका गोलकीपरसाठी एकमेकांकडे पाहिलं, एवढं पुष्कळ झालं.

चळत माझ्या कमरेवरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून जमिनीवर. दिवेलागण झाली तेव्हा ताटात एकच रोट उरला. शेवटचा रोट घरधन्याचा. ह्यांनी तो मोडला, सगळ्यांना तुकडा तुकडा दिला, धनश्रीला जरा मोठा दिला, आणि शेवटचा घास आपल्या हातात ठेवला.

आणि ठेवलाच. तोंडात घालेनात.

आम्ही थांबलो. सगळे थांबले. एक घास. तो पोटात गेला की पोरगी मोकळी. हे तो घास बोटांनी फिरवत बसले. मोठा भाऊ नाही, नेम नाही, देवी नाही, आता तिला फक्त हा माणूस अडवत होता, आणि तो जिच्या नावाची मूठ टाकत आला होता तिलाच सोडवत नव्हता. धनश्री समोर बसली होती. तिने नुसती वाट पाहिली. ते काम तिला येतं.

"खाय ना, मगन," शेवटी भाऊजीच म्हणाले. तेही हळू आवाजात.

हे म्हणाले, "लोकेसले मी सांगस, पोटसाठे सुरतले उनू." मग थांबले. "पोटले गावमा बी होतं. बैलजोडी एक, हाकनारा एक. दादा, तू हाके. मी मांगे बशी राहू. आठे माले मन्हा हातना लूम भेटी गया."

भाऊजींनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. "तू कव्हय बोलना नही," म्हणाले.

"तू कव्हय ईचारं?"

असं म्हणून ह्यांनी घास तोंडात घातला. चावायला त्यांना फार वेळ लागला. रोट कडक झाला होता, हे खरंच आहे, पण एवढाही नव्हता. गिळला, वर पाणी प्यायले, आणि धनश्रीला म्हणाले, "जाय."

सकाळी तिला गाडीत बसवून आलो. पॅडांचं पोतं भाऊजींनी डोक्यावर घेतलं होतं आणि हमालाला हात लावू दिला नाही. घरी येऊन मी कोपरा झाडला, सूप धुतलं, उन्हात ठेवलं. पुढच्या वर्षी मी माझ्याही नावाची मूठ टाकणार आहे. कुणाला विचारणार नाही. भाऊजींच्या पंजाच्या मापाची टाकणार आहे.

हॉलंडची पहिली मॅच झाली त्या रविवारी तिचा फोन आला. हे माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होते. धनश्रीच्या कपाळावर केस चिकटलेले, गालावर चिखलाचा पट्टा.

"हारलो मम्मी," ती म्हणाली. "पाच गोल झाले. पाच." आणि अशी हसायला लागली की मला वाटलं, डोक्यावर चेंडू लागला की काय.

ह्यांचा चेहरा उतरला. "मंग? काढं का तुले?"

"नाही पप्पा. पुढच्या रविवारी पण मीच."

हे खुंटीवरची पिशवी घेऊन खाली उतरले आणि येताना गरम जिलेबीचे पुडे घेऊन आले. मग एकेका दारात जायला लागले. नूतनबाईंनी पुडा हातात घेत विचारलं, "जिंकली का पोरगी?"

"नही. पाच गोलने हारनी."

"मग जिलेबी कसली?"

"ती उभी व्हती," हे म्हणाले आणि पुढच्या दाराकडे गेले.